शिमोनाच्या खिडकीखालच्या बाई

एस्तेरबाईंच्या शोकसभेत आमच्या चर्चचे पंच वसंतराव यांनी त्यांना ‘सोशिक’ म्हटलं. ‘सोशिक, शांत आणि आनंदाने वधस्तंभ वाहणारी भगिनी.’ मी पायपेटीवर बसलो होतो. पुढचं गीत मलाच वाजवायचं होतं म्हणून गप्प राहिलो, नाहीतर उठून विचारणार होतो, की साहेब, तुम्ही चुकून दुसऱ्या कुणाच्या शोकसभेला तर आला नाहीत ना? एस्तेरबाई सोशिक? ज्या बाईने याच वसंतरावांना भर प्रार्थनेत शिट्टी वाजवून थांबवलं, ती शांत? आणि आनंदाने? ‘आनंदाने’ हा शब्द कानावर पडला असता तर बाई कबरीतून उठून आल्या असत्या.

माणूस गेला की त्याला गुळगुळीत करून टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. जिवंतपणी ज्याचं एक वाक्य धड ऐकून घेतलं नाही, त्याच्या फोटोला हार घालायचा आणि वर आपलीच वाक्यं त्याच्या नावावर खपवायची. मला त्याचा संताप आला, अजून येतो, आणि तो गिळायचं काही कारण मला दिसत नाही. राग गिळायला बाईंनी आम्हाला कधी शिकवलं नाही.

बाई मुलींच्या शाळेत पी.टी.च्या शिक्षिका होत्या. माझ्या थोरल्या बहिणीला खो-खो त्यांनी शिकवला आणि पळताना रडायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं. उंच, काटकुळ्या, रंगाने चांगल्या काळ्या. सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. नोकरी संपली तरी बूट सुटले नाहीत. प्रभुभोजनाच्या रविवारी बाकीच्या बायका ठेवणीतल्या चपला काढायच्या, बाई त्याच बुटांना खडू फासून यायच्या. शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलत. राग आला की ते मराठी पळून जायचं आणि वळसंगच्या शिवारातलं, त्यांच्या आजोळचं मराठी धावत यायचं. राग रोजच यायचा, त्यामुळे पुस्तकातलं मराठी आम्ही फारसं ऐकलं नाही.

आमचं चर्च दगडी, मिशनच्या काळात बांधलेलं. उंच कमानींच्या खिडक्या आणि त्यांत रंगीत काचांची चित्रं. काचा बोटीने आल्या, पुढे रेल्वेने, आणि स्टेशनापासून बैलगाडीने गवतात गुंडाळून, असं जुनी माणसं सांगायची. बाजूच्या भिंतींत नोहाचं तारू आहे, वादळातली होडी आहे, विहिरीवरची शोमरोनी बाई आहे. तिच्या हातातलं भांडं चित्रकाराने आपल्या मुलखातलं काढलंय, लांब मानेचं आणि नाजूक. आमच्या बायका त्याला हसतात. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्या सुरईत काय भरायचं, कपाळ?

पण मला सांगायचंय ते समोरच्या भिंतीबद्दल. वेदीच्या डाव्या हाताला उत्तम मेंढपाळाची खिडकी. गोरा, गुलाबी प्रभू आणि त्याच्या कडेवर कोकरू. चर्चमधल्या झाडून सगळ्या लग्नांचे फोटो तिच्याखाली निघालेत. उजव्या हाताला शिमोनाची खिडकी. शिमोन म्हणजे कुरेने गावचा एक साधा माणूस, शेतातून परत येत होता. वधस्तंभ वाहून प्रभूचे पाय चालेनात, तेव्हा शिपायांनी रस्त्याने जाणाऱ्या या माणसाला धरलं आणि गुलगुथ्याच्या टेकडीपर्यंत, प्रभूला खिळायच्या जागेपर्यंत, वाहायला ते लाकूड त्याच्या खांद्यावर चढवलं. खिडकीत प्रभू पुढे वाकून चाललाय, त्याचं तोंड दिसत नाही. दिसतं ते मागून येणाऱ्या शिमोनाचं. कुरेने आफ्रिकेतलं, म्हणून काच बनवणाऱ्याने त्याला काळसर तपकिरी काच लावली. सबंध चर्चमध्ये तेवढा एकच चेहरा आमच्या रंगाचा.

आणि आमच्या लोकांनी त्या खिडकीला नाव काय दिलं? काळ्याची खिडकी! नवरी तिच्याखाली उभी राहत नसे, फोटो काळे येतात म्हणून. आमच्यात गोरं म्हणावं असं कोण आहे? आमचे खापरपणजे गावकुसाबाहेरचे. गावाची वेठ करून, सरकारी सामान या गावातून त्या गावात फुकट वाहून त्यांचे खांदे सोलले होते. त्यांच्याच पतवंडांना वेठीला धरलेल्या माणसाच्या शेजारी बसायला लाज वाटायची. बाईंची जागा मात्र तीच, उजवीकडचा पहिला बाक, माझ्या पायपेटीपासून हातभर. म्हणून हे सगळं मला ठाऊक आहे.

बाईंची प्रार्थना म्हणजे आधी बघणं. बुधवारची बायकांची प्रार्थनासभा त्या चालवायच्या आणि तिथे नियम एकच होता. एका खिडकीखाली बसायचं, तिच्याकडे बघत राहायचं, आणि आजवर न दिसलेलं काहीतरी दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. जुन्या बायकांना ते भयंकर वाटलं. प्रार्थना म्हटली की डोळे मिटायचे, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं.

‘डोळे मिटून काय दिसतंय तुमाला?’ बाई विचारायच्या. ‘आपलंच घर दिसतंय, आपलीच जाऊ दिसतीया. उघडा की डोळे. देवाला मिटलेलेच पायजे असते तर त्यानं नुसत्या पापण्या दिल्या असत्या.’

शिट्टीचा प्रसंग त्याच सभेतला. वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, आणि प्रार्थना मालगाडीसारखी, डबा संपतच नाही. ‘हे दयाळू पित्या, तुला ठाऊकच आहे,’ असं म्हणून ते सुरुवात करत आणि मग गावाची खबर सांगत. कोण दवाखान्यात आहे, कुणाचा मुलगा पुण्यात फ्लॅट घेतोय, कुणाच्या मुलीने परजातीत लग्न केलं. एका बुधवारी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ‘तुला ठाऊकच आहे’ तिसऱ्यांदा आलं तेव्हा बाईंनी पर्समधून पी.टी.ची शिट्टी काढली आणि मैदानावर वाजवावी तशी वाजवली. वसंतराव हात वर केलेले तसेच राहिले.

‘देवाला ठाऊकच हाय म्हणता,’ बाई म्हणाल्या, ‘मग सांगायलाय कुणाला? आमाला व्हय? मग सरळ आमच्याकडं तोंड करून सांगा की!’

वसंतराव ते विसरले नाहीत. शोकसभेत त्यांनी बाईंना शांत म्हटलं ते विसरून म्हटलं, असं मला वाटत नाही.

आता दानूबद्दल सांगायला हवं, कारण शिमोनाच्या खिडकीखाली बाई बसायला लागल्या त्या दानूमुळे. दानिएल हा त्यांचा धाकटा भाऊ, ट्रकवर ड्रायव्हर. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या बापाच्या घरात राहत होत्या. आईबाप गेल्यावर दानूने त्यांना घराबाहेर काढलं. भर दुपारी त्यांची ट्रंक गल्लीत आणून ठेवली आणि दाराला आतून कडी घातली. पुढे कित्येक वर्षं बहीण-भावाचं बोलणं नव्हतं. मग टेंभुर्णीजवळ दानूचा ट्रक उलटला आणि कमरेखाली माणूस कायमचा लुळा झाला. बाई रीत म्हणून दवाखान्यात गेल्या. दानूची बायको त्याच दिवशी सकाळी माहेरी निघून गेली होती, ती पुन्हा काही आली नाही. डॉक्टर म्हणाले, सुट्टी दिलीय, घेऊन जा. कोण घेऊन जाणार? वॉर्डातल्या सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

‘दोन मोसंबी घिऊन बघायला गेलते,’ बाई सांगायच्या, ‘माणूस घिऊन आले.’

तेव्हापासून त्या दानूचं सगळं करत होत्या. उचलणं, धुणं, पुसणं, भरवणं. आणि दानू अपघाताने सुधारला वगैरे असं कुणी समजू नका. त्याची जीभ शाबूत होती आणि दोन्ही हात शाबूत होते. जिभेने तो शिव्या द्यायचा, हातांनी ताट फेकायचा. भाकरी कडक झाली म्हणून, आमटी गार झाली म्हणून, कधी नुसतंच.

लोकांना मात्र बाईंचं भारी कौतुक. बाई, काय तुमचं प्रेम! बाई, काय तुमचा त्याग! येऊन दानूला एक तास उचलून बसवणारं कुणी नव्हतं, पण कौतुकाला रांग होती. एकदा चर्चच्या मंडळीने त्यांना शाल द्यायचं ठरवलं. रविवारची भक्ती संपल्यावर पुढे बोलावलं, शाल उलगडली, ‘प्रेमाची मूर्ती’ असं काहीतरी कुणी बोलायला लागलं. बाईंनी शाल घडी करून परत दिली.

‘प्रेम-बिम काय न्हाय हितं,’ त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. ‘मला धरलंय. रस्त्यानं चालले होते, सापडले, धरलं. ह्या शिमोनाला कुणी इचारलं होतं का, की बाबा, तुला लई प्रेम हाय का म्हणून? त्याच्या खांद्यावर दिलं, त्यानं नेलं. मी पण न्यायलीया. खोटं कशाला बोलता देवाच्या घरात?’

मंडळीत कुजबुज झाली. अशी उघडी गोष्ट आपल्याला सोसत नाही. सेवा करणारी बाई गोडच असली पाहिजे, तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू असलं पाहिजे, तरच आपल्याला तिच्या कामाला हात न लावता घरी जाता येतं.

मी रविवारी पेटी पुसायला लवकर जायचो. बाई त्याआधी आलेल्या असत. वेदीची भिंत पूर्वेची, त्यामुळे सकाळचं ऊन नेमकं शिमोनातून आत यायचं आणि बाईंच्या पांढऱ्या बुटांवर तांबडं-तपकिरी पडायचं. त्या खिडकीकडे बघत आणि मग बोलत. हळू बोलणं त्यांना जमतच नव्हतं, त्यामुळे कान झाकायचा प्रश्न नव्हता.

‘काल ताट फेकलं त्यानं. आठवडाभर माझी कंबर हलना झालीया. ह्याला तू गुलगुथ्याच्या टेकडीपातुर वाहायला लावलंस आणि तितनं सोडलंस घरी. माझी टेकडी कुटं हाय ते तरी सांग की. का तसंच चालवत ठेवायलास?’

असं अर्धा-पाऊण तास. देवाशी इतकं सडेतोड भांडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि भांडण संपलं की पदराने तोंड पुसून माझ्याकडे वळायच्या. ‘व्हय रे दिलीप, आज पट्टी जरा खालची घे. म्हाताऱ्यांचे गळे फाडू नको.’

खिडकीतली एक गाठ त्यांनाच पहिल्यांदा दिसली. शिमोनाच्या कमरेला, लाकडाच्या सावलीत, पिवळ्या काचेचा एक लहानसा तुकडा आहे. सगळ्यांना तो पट्ट्याचा भाग वाटायचा. बाईंनी एका बुधवारी बायकांना दाखवलं की तो पट्टा नाही, ती फडक्यात बांधलेली शिदोरी आहे. शेतातून निघालेला माणूस, भाकरी अजून सोडलेली नाही.

‘जेवला असंल का त्या दिवशी?’ बाईंनी विचारलं. ‘प्रभूसाठी रडणारे लई झाले. ह्याच्या भाकरीचं कुणी बघितलं का?’

त्यातून त्यांची एक रीत सुरू झाली. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मंडळी उपास धरते. दुपारची लांब भक्ती संपली की बाई फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही अक्षरशः दंडाला धरून आत आणायच्या. कधी हातगाडीवाला, कधी रिक्षावाला, कधी यंत्रमागावरची पाळी संपवून निघालेला कामगार. त्याला बाकावर बसवून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि कांदा द्यायच्या. तो ‘कशाला, कशाला’ म्हणायचा. बाई म्हणायच्या, ‘गप जेव. तुला धरलंय.’ एका वर्षी बंदोबस्तावरचा पोलीसच धरून आणला. साहेब बघतील म्हणून तो बिचारा घाबरलेला. ‘त्या येळी शिपायांनी धरलं,’ बाई म्हणाल्या, ‘औंदा शिपायाला धरू. फिटंल.’ त्याने तीन भाकरी खाल्ल्या आणि जाताना बाईंना सॅल्यूट मारला.

पण त्या नुसत्या स्वतःपुरत्या त्या खिडकीखाली बसत नव्हत्या. आमच्या गल्लीत मालन राहते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि मालन सदा हसतमुख. एका बुधवारी ती बाईंना म्हणाली, मला प्रार्थनाच येईना झालीय. बाईंनी तिला शिमोनासमोर बसवलं.

‘बघ त्याचं तोंड. हसायलाय का?’

मालनने बराच वेळ बघितलं. ‘न्हाय.’

‘मग तू कशाला हसतीस?’

मालन जी रडायला लागली ती सभा संपली तरी थांबेना. म्हातारी मरावी असं रोज मनात येतं, हे तिने तिथे पहिल्यांदा बोलून टाकलं. बाई तिच्या शेजारी बसून राहिल्या आणि एक शब्द उपदेशाचा बोलल्या नाहीत. सासूला पुढे मालननेच सांभाळलं, आदळआपट करत, पण सांभाळलं.

ही खिडकी आमच्या मंडळीने बंद केली.

नवीन पाळक, आमचे धर्मगुरू, तरुण होते, माणूस वाईट नव्हे. त्यांना वाटायचं, चर्चमध्ये मोठा एलईडी पडदा हवा. गीतांचे शब्द त्यावर येतील, पुस्तकं लागणार नाहीत, तरुण मुलं टिकतील. पडदा भला मोठा, तो समोरच्या भिंतीवरच मावणार. डावीकडे मेंढपाळ, उजवीकडे शिमोन, म्हणजे एकाला झाकायचं. त्यासाठी मंडळीची सभा बोलावली. वसंतराव उठून म्हणाले, ‘उजवी घ्या. तिच्यात प्रभूचं तोंडसुद्धा नाही.’

विषय तिथेच संपला असता, पण बाई उठल्या. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. तेवढ्यानेच मला काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं.

‘मी हितं येऊन बोलते,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून घरी माझा हात उठत न्हाय. एवढंच सांगायचंय. हात उठत न्हाय तो हितल्यामुळं. खिडकी झाकू नका.’

काय सांगत होत्या त्या! एक बाई भर सभेत सांगतेय, की ही खिडकी आहे म्हणून माझ्या घरातला लुळा माणूस सुखरूप आहे. यावर उठून कुणीतरी निदान विचारायला हवं होतं, की बाई, घरी काय चाललंय? वसंतरावांनी विचारलं, ‘बाई, देव काय काचेत आहे का?’

‘मग पडद्यात हाय का?’

पाळकांनी समजूत घातली, की बाकीच्या खिडक्या आहेतच, दुसरी एखादी निवडा. बाईंनी त्यांना विचारलं, ‘साहेब, तुमची आई आजारी पडली तर शेजारणीच्या आईला भेटून येता का?’ लोक हसले. हसून झाल्यावर त्यांनी पडद्याच्या बाजूने हात वर केले. विरोधात मोजकेच होते, त्यांत मी होतो आणि मालन होती.

प्लायवूड ठोकलं, त्यावर पडदा चढला. बाई त्याच बाकावर बसत राहिल्या. रविवारी सकाळी त्या पूर्वीसारख्याच लवकर यायच्या आणि काळ्या पडद्याकडे बघत बसायच्या. बुटांवर आता ऊन पडत नव्हतं. बोलणं थांबलं होतं. मी पेटी पुसत असायचो आणि चर्च इतकं गप्प मला कधीच वाटलं नव्हतं.

एके दिवशी त्या पाळकांच्या दारात आल्या. मी गीतं ठरवायला तिथेच होतो.

‘काल मी दानूला मारली,’ त्या म्हणाल्या. ‘तोंडात. त्यानं ताट फेकलं तर मी मारली. त्याला पळता येत न्हाय. खिडकी उघडा.’

त्यांचा उजवा हात त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. पाळक गडबडले. बसा म्हणाले, पाणी दिलं, प्रार्थना केली, डोळे मिटून. मग म्हणाले, तुम्हाला प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतो, रोज सकाळी वचन येईल. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘दिलीप, सांग रे ह्यांना,’ आणि निघून गेल्या. मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. पाळकांच्या मनाला ते लागलं असावं, कारण त्यांनी पंचांना बोलावलं. पंच म्हणाले, पडदा काढणं शक्य नाही, भिंतीत बोल्ट गेलेत. पण एक करता येईल. झाकण्याआधी खिडकीचा फोटो काढून ठेवलाय. तो दर रविवारी भक्तीआधी पडद्यावर दाखवू. खिडकीपेक्षा मोठा दिसेल, आणि ढगाळ दिवशीसुद्धा दिसेल!

खिडकी झाकायची आणि ज्याने झाकली त्याच्यावरच तिचा फोटो दाखवायचा. ही अक्कल आमच्या पंचमंडळाची. तरीही मला वाटलं, काही नसल्यापेक्षा बरं.

त्या रविवारी बाईंना मुद्दाम पुढे बसवलं. पाळकांनी सांगितलं, आपल्या एस्तेरबाईंसाठी. पडदा उजळला आणि भिंतभर शिमोन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नियमाप्रमाणे बघत राहिल्या. टाळ्या थांबल्या तरी त्या बघतच होत्या.

‘ह्यो कोण?’ त्यांनी विचारलं.

‘शिमोन, बाई,’ वसंतराव आपुलकीने म्हणाले. ‘तुमचाच.’

‘ह्यो शिमोन न्हाय.’

तेव्हा मी नीट बघितलं. पडद्यावरचा माणूस गोरा होता. गव्हाळसुद्धा नव्हे, गोरा. गालांवर लाली, कातडी तुळतुळीत, कपाळावरच्या घामाच्या रेघा गायब. खांद्यावरचं लाकूड त्याला कुणी फोटोपुरतं धरायला दिल्यासारखं दिसत होतं.

बाईंनी मंडळीकडे तोंड फिरवलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा मैदानावरचा आवाज लागला.

‘ह्या असल्या गोऱ्यापान माणसाला कोण धरंल वेठीला? ह्याला तर शिपाई सलाम ठोकून वाट देतील! आपला एक होता ह्या भिंतीवर. एकच होता. त्याला झाकलासा, आणि वर त्याचं तोंड धुऊन मला दाखवायलाय?’

बाई मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या.

फोटो दुरुस्त करणारा लग्नाचे अल्बम करतो. नंतर मी त्याला गाठलं. तो चांगल्या मनाने म्हणाला, ‘सर, फेस लई डल येत होता, म्हणून जरा उजळला. सवय लागलीया. सगळेच करून घेतेत की, आजवर कुणी तक्रार केली न्हाय.’ त्याचं खरंच होतं. आमच्या सगळ्या नवऱ्या त्यानेच उजळल्यात. त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. वसंतरावांवर रागावलो, कारण ते म्हणाले, ‘पण दिसत होता तर छान.’

पडदा अजून तिथेच आहे. तो फोटो पुन्हा कुणी लावला नाही, आणि खिडकीही कुणी उघडली नाही. पुढच्या हिवाळ्यात दानू गेला, बाईंच्या हातचं पाणी पिऊन गेला, आणि उन्हाळा लागता लागता बाई गेल्या. खिडकीबद्दल त्यांचं माझं शेवटचं बोलणं झालं ते मात्र फोटोच्या त्या रविवारीच.

शेवटचं गीत वाजवून मी त्यांना शोधत बाहेर आलो. चर्चच्या मागे, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. मोडके बाक, जनरेटर, गवत. शिमोनाची खिडकी बाहेरून तिथे आहे. रंगीत काच बाहेरून बघितली तर तिच्यात काही नसतं, नुसती धुळकट काळपट काच आणि शिशाच्या रेघा, वरून लोखंडी जाळी. आतून तर आता प्लायवूड. बाई एका मोडक्या बाकावर चढून उभ्या होत्या, दोन्ही हातांनी जाळी धरून. आणि बोलत होत्या. पूर्वीसारखं, खणखणीत. ताटाचं, कमरेचं, दानूला मारल्याचं.

मी खाली थांबलो. त्यांचं मध्येच लक्ष गेलं.

‘बाई, हितनं काय दिसतंय तुम्हाला?’ मी विचारलं.

‘काय न्हाय दिसत.’

‘मग कशाला उभ्या राहिलाय?’

बाईंनी जाळी सोडली नाही. मान तेवढी वळवून माझ्यावर डोळे वटारले.

‘दिसत न्हाय म्हणून टाकून जाऊ व्हय त्याला?’